उंबरगाव ते केळवे: रेल्वेने जाऊन समुद्रकाठाने चालण्याची तीन दिवसांची आखणी

विरारच्या पुढे पश्चिम रेल्वे किनाऱ्याला जवळजवळ समांतर उत्तरेकडे जाते. केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड, घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव यांपैकी कुठेही उतरा, समुद्र साधारण दहा किलोमीटरच्या आत असतो. घोलवडहून तर चालतच जाता येतं. कोकण रेल्वेवर अशी सोय नाही. तिची बरीचशी स्टेशनं डोंगराच्या बाजूला आहेत आणि तिथून समुद्र गाठण्यातच दिवसाचा मोठा भाग जातो. म्हणून एका गावी गाडीने उतरायचं, वाळूवरून चालत दुसरं गाव गाठायचं आणि तिथून पुन्हा गाडीने घरी यायचं, असं मनात असेल तर पालघर जिल्ह्याचा किनारा पहिला निवडावा.

मात्र हा किनारा सलग चालत जाण्यासारखा नाही. मधे खाड्या आहेत, कातळ आहे, अणुवीज प्रकल्पाची बंदी असलेली हद्द आहे. उंबरगाव ते केळवे अख्खी रेघ पायांनी ओढायचीच असा हट्ट धरला तर निम्मा वेळ हमरस्त्यावर ट्रकच्या धुळीत जाईल. चालायला खरोखर चांगले तुकडे निवडायचे, मधलं अंतर गाडीने ओलांडायचं, आणि हे सगळं आधी भरती-ओहोटीला आणि मग रेल्वेच्या वेळापत्रकाला जुळवायचं. हा क्रम उलटा केला की बेत फसतो. सकाळच्या गाडीने उतरून समुद्रावर पोचावं तर पाणी काठावरच्या सुरूच्या झाडांच्या मुळांशी आलेलं, आणि चालायला उरते ती फक्त घोट्यापर्यंत रुतणारी कोरडी वाळू.

आधी तिथी, मग तारीख

किनाऱ्यावर चालायचं ते ओल्या, घट्ट वाळूवर. डहाणू-बोर्डीचा किनारा फार उथळ उताराचा असल्याने ओहोटीला पाणी दूरवर मागे जातं आणि पाऊल जेमतेम उमटेल अशी सपाट वाळू उघडी पडते. तिच्यावर सामान्य माणूस ताशी चार किलोमीटर आरामात चालतो. भरतीच्या वेळी त्याच किनाऱ्यावर कोरड्या वाळूतून चालताना वेग निम्म्यावर येतो आणि पोटऱ्या भरून येतात. सोळा किलोमीटरच्या टप्प्यात हा फरक किती पडतो याचा हिशेब तुम्हीच करा.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. त्यातून सहा तास वजा केले की सकाळची पूर्ण ओहोटी नऊच्या आसपास. शुक्ल असो वा वद्य, हिशेब तोच. यात तासभर इकडेतिकडे होतं आणि मुंबईपेक्षा डहाणू-बोर्डीकडे भरती थोडी उशिराच येते. पण घरी पंचांग समोर ठेवून कुठला आठवडा धरायचा हे ठरवायला एवढं पुरेसं आहे. नेमक्या वेळा निघायच्या आधी भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहाव्यात. भारतीय सर्वेक्षण विभागाचे तक्ते असतात आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या संकेतस्थळावर भरतीचे अंदाज आणि उंच लाटांचे इशारे दोन्ही मिळतात.

या हिशेबातून चालण्यासाठी सगळ्यात चांगले दिवस निघतात ते तृतीया, चतुर्थी आणि पंचमी. त्याची दोन कारणं आहेत. एक, सकाळची ओहोटी साधारण साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान येते, म्हणजे उजाडल्यावर निघून ऊन तापायच्या आत टप्पा पुरा होतो. दुसरं, उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी सगळ्यात मोठं असतं आणि तृतीयेपर्यंत त्याचा जोर टिकलेला असतो. उधाणात भरती जशी वर चढते तशी ओहोटीही खोल जाते, त्यामुळे वाळू रुंद मिळते. सप्तमी-अष्टमीला भांग असते. तेव्हा पाणी धड वर येत नाही आणि धड मागेही जात नाही, शिवाय सकाळची ओहोटी लांबून दुपारकडे सरकते. तक्त्यात ओहोटीची पातळी एक मीटरच्या आत दिसली तर वाळू मनासारखी मिळणार असं समजा. आकडा दोनच्या जवळ असेल तर त्या दिवशी लांबचा टप्पा ठेवू नका.

ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. तृतीयेला निघालात तर पहिल्या दिवशी ती साडेआठ-पावणेनऊला, दुसऱ्या दिवशी साडेनऊच्या आसपास, तिसऱ्या दिवशी सव्वादहा-साडेदहाला येईल. खालची आखणी याच क्रमावर बसवली आहे.

आता पाणी परत येतं कसं, तेही समजून घ्या. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात समुद्र जागचा हलल्यासारखा वाटत नाही. एकूण चढायच्या पाण्याचा जेमतेम बारावा हिस्सा त्या तासात चढतो, दुसऱ्या तासात दोन हिस्से, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात तीन-तीन. म्हणजे निम्मं पाणी मधल्या दोन तासांत येतं, आणि उथळ किनाऱ्यावर ते लाटांनी न येता पसरत येतं. म्हणून पूर्ण ओहोटीच्या अडीच तास आधी निघायचं आणि नंतर अडीच-तीन तासांच्या आत ओल्या वाळूवरून वर यायचं, एवढीच मुदत स्वतःला द्या.

घड्याळाखेरीज वाळूही वेळ सांगते. ओहोटीने उघड्या पडलेल्या भागावर वाकून पाहा. बोटाच्या पेराहून बारीक खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळू चाळतात आणि खाण्याजोगं काढून घेऊन उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या मागे टाकत जातात. बिळापासून चहूकडे या गोळ्यांच्या रेघा पसरतात, तळहाताएवढ्या, कधी ताटाएवढ्या. नक्षी जितकी मोठी, तितका वेळ ती जागा कोरडी आहे. पायाखाली नुसत्या दोन-चार गोळ्या असतील तर पाणी नुकतंच मागे गेलंय, अजून वेळ आहे. मोठ्या, पुऱ्या भरलेल्या नक्ष्यांच्या खालच्या कडा पाण्याने पुसट व्हायला लागल्या असतील तर भरती लागली आहे. घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं, हे खेकडे चुकत नाहीत.

उत्तरेकडून दक्षिणेकडे चाला

बहुतेक जण मुंबईकडून निघून उत्तरेकडे चालायचा बेत करतात. माझं ठाम मत उलट आहे. विरार-डहाणू लोकल २०१३ मध्ये सुरू झाली, पण ती डहाणू रोडलाच संपते. पुढे घोलवड, बोर्डी रोड, उंबरगावला मेमू, पॅसेंजर आणि मोजक्या एक्सप्रेस गाड्यांवरच भिस्त असते. एखादी चुकली तर पुढची बऱ्याच वेळाने. म्हणून ज्या टोकाला गाड्या कमी, तिथे सकाळी ताज्या अंगाने, वेळ पाहून पोचावं आणि संध्याकाळी जिथे गाड्या जास्त तिथे चालणं संपवावं. दमलेल्या माणसाला गाडीची वाट पाहायला लावू नये.

वाऱ्याचंही हेच म्हणणं आहे. हिवाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो. उत्तरेकडे चालणाऱ्याच्या तो तोंडावर येतो, वाळूचे कण डोळ्यांत जातात. दक्षिणेकडे चालणाऱ्याच्या तो पाठीला लागतो.

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून अकरानंतर वाळू तापते आणि दमट उकाड्याने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात हा किनारा बघायला जा, चालायला नको. ओढे फुगलेले असतात, समुद्र खवळलेला असतो.

रविवारी विरारच्या पुढे काम किंवा ब्लॉक असण्याची शक्यता धरून चाला. विरार-डहाणू दरम्यान रेल्वेमार्ग दुहेरीचा चौपदरी करण्याचं काम सुरू असल्याने वेळापत्रकात बदल होतात. आदल्या रात्री गाड्या पुन्हा तपासा. जमलं तर शुक्रवार ते रविवार ऐवजी रविवार ते मंगळवार असा बेत करा. राहायला जागा सहज मिळते आणि केळव्याला माणसांच्या गर्दीतून वाट काढावी लागत नाही. तिकीट अनारक्षितच लागतं, ते मोबाइलवर रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर काढता येतं. उंबरगावचं तिकीट थेट काढा. लोकलने डहाणूपर्यंत आणि पुढे मेमूने असा प्रवास असेल तर डहाणूला उतरून पुन्हा खिडकीशी उभं राहायची वेळ येऊ नये.

पहिला दिवस: उंबरगाव ते बोर्डी, आठ-दहा किलोमीटर

पहिला दिवस मुद्दाम छोटा ठेवला आहे, कारण सकाळ गाडीत जाते. उंबरगाव स्टेशनवर उतरलात की तुम्ही गुजरातमध्ये आहात. स्टेशनपासून समुद्र काही किलोमीटर आत आहे, रिक्षा करा. गुजरातमध्ये दारूबंदी आहे हे लक्षात ठेवून पिशवी भरा. महाराष्ट्राच्या हद्दीतून नेलेली बाटलीही तिथे गुन्हाच ठरते.

उत्तरेला नारगोळचा किनारा दिसतो आणि तिकडे जावंसं वाटतं, पण मधे वारोळी नदीचं मुख आहे. तिकडे तोंड करू नका, समुद्र उजव्या हाताला ठेवून दक्षिणेला लागा. नऊ-साडेनऊला निघालात तर ओहोटी नुकतीच झालेली असेल आणि झाईपर्यंत भरपूर वेळ मिळेल.

झाई हे महाराष्ट्राचं या बाजूचं पहिलं गाव, मच्छीमारांची वस्ती. इथे खाडी आहे. ओहोटीत तिचं पात्र अरुंद दिसतं, पलीकडे माणसंही दिसतात, पण गाळ कुठे किती आहे हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. वाळू सोडा, गावात शिरा, रस्त्याच्या पुलावरून या. हा नियम पुढच्या प्रत्येक खाडीला लागू आहे. छोटा ओढा असेल तर आधी स्थानिक माणूस कुठून जातो ते पाहा. पाणी गुडघ्याखाली, तळ वाळूचा, भरती लागलेली नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या तरच पाय घाला. काठीने चाचपल्यावर ती सहज आत जात असेल तर तो गाळ आहे, परत फिरा. सपाता पायातच ठेवा, अनवाणी जाऊ नका, शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. पाय उचलून टाकण्याऐवजी तळाशी घासत पुढे सरका, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच निघून जातं.

कोळीवाड्यातून जाताना वाळूवर पसरलेला जवळा आणि बांबूवर टांगलेले बोंबील दिसतील. तो बाजारचा माल आहे. दोन पावलं वाकडी टाकून कडेने जा, फोटो काढायचा तर विचारा. मावशींना विचारून सुका जवळा विकतही घेता येतो, पण तो पहिल्या दिवशी घेऊ नका. तीन दिवस त्याच्या वासासकट चालावं लागेल.

बोर्डीत दुपारी एकपर्यंत पोचाल. इथे मुक्काम करा. सुरूची रांग, तिच्यामागे चिकूच्या वाड्या, वाड्यांमधून पारशी-इराणी कुटुंबांची जुनी घरं, असा हा गाव आहे. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वेला बहरोटचा डोंगर आहे. आपल्या जुन्या वस्तीवर, संजाणवर, हल्ला झाल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी तिथल्या गुहांमध्ये लपवून ठेवला होता, अशी त्यांची परंपरा सांगते. डोंगर पाहायचा असेल तर त्याला वेगळा दिवस द्या. दुसऱ्या दिवशी सोळा किलोमीटर चालायचं असताना त्याच संध्याकाळी डोंगर चढायचा मोह आवरा.

राहायला घरगुती सोयी आणि छोटी रिसॉर्ट आहेत. जेवणाचं मात्र फोनवरच सांगून ठेवा, किती माणसं, मासे की शाकाहारी. आयत्या वेळी गेलात तर चहा-बिस्किटांवर रात्र काढावी लागेल, कारण बरीच घरं सांगितल्याप्रमाणेच बाजार करतात. हिवाळ्याच्या अखेरीस बोर्डीत चिकू महोत्सव भरतो, त्या शनिवार-रविवारी खोली मिळणं कठीण. आधी चौकशी करा.

दुसरा दिवस: बोर्डी ते डहाणू, सोळा-सतरा किलोमीटर

हा सगळ्या आखणीतला उत्तम दिवस. एकच दिवस हाताशी असेल तर बाकी सगळं सोडा आणि एवढाच करा. सकाळच्या गाडीने घोलवडला उतरायचं, समुद्रावर यायचं आणि डहाणूपर्यंत चालायचं. साधारण बारा-तेरा किलोमीटर होतात. गाडी जमली नाही तर लोकलने डहाणू रोड आणि तिथून एसटी किंवा शेअर रिक्षाने बोर्डी.

उजाडताच निघा. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. तो डावीकडे सुरूच्या मागे असतो, त्यामुळे पहिला दीड-दोन तास सावलीतच चालणं होतं. नाश्ता बरोबर बांधून घ्या, किनाऱ्यावर सकाळी काही उघडं नसतं. घोलवड मागे टाकलं की चिखले, मग नरपड, आगर, आणि शेवटी डहाणूचा पारनाका. दूरवर कुठेही इमारतींची भिंत दिसत नाही. त्याचं कारण आहे. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी प्राधिकरण नेमलं गेलं. मुंबईच्या इतक्या जवळचा किनारा अजून चालण्याजोगा राहिला आहे, त्यात या संरक्षणासाठी झालेल्या लढ्याचा मोठा वाटा आहे. हे चालणाऱ्याने विसरू नये, आणि प्लास्टिकची एकही पिशवी मागे टाकू नये.

या टप्प्याचा सगळ्यात मोठा आधार म्हणजे किनाऱ्याला लागूनच जाणारा डहाणू-बोर्डी रस्ता. कुठेही थकलात, पायाला फोड आला, भरती लवकर लागल्यासारखी वाटली, तर सुरूच्या बनातून वर या. थोड्याच अंतरावर रस्ता आहे आणि त्यावरून रिक्षा, एसटी जातात. लहान मुलं किंवा साठीच्या पुढची माणसं बरोबर असतील तर हाच टप्पा निवडा. चिखल्याला अर्धा टप्पा होतो, तिथे थांबून सगळ्यांना स्पष्ट विचारा, पुढे यायचं की रिक्षा. हो म्हणणाऱ्याचा चेहराही पाहा.

मधे काही ठिकाणी ओढे समुद्राला मिळतात. ओहोटीत ते वाळूवर पसरून उथळ होतात, तरी वरचा नियम तिथेही पाळा. नरपडपर्यंत अकरा-साडेअकरा होतील. तिथून पुढे भरती जोर धरते, म्हणून शेवटचे तीन-चार किलोमीटर पाण्याच्या कडेने न जाता सुरूच्या कडेने चालायचं असं आधीच मनाशी धरा. वेग कमी होईल, त्यासाठी वेळ राखून ठेवा. पारनाक्याला साडेबारा-एकपर्यंत पोचाल. डहाणू रोड स्टेशन तिथून दोनेक किलोमीटर आहे. दुपारी जेवून, विश्रांती घेऊन संध्याकाळी खाडीकडचा किल्ला बघता येतो.

ताडगोळ्यांचा मोसम उन्हाळ्यात, म्हणून या दिवसांत ते फारसे दिसणार नाहीत. त्याऐवजी चिकू घ्या, पण वाडीतून तोडलेले कच्चे नकोत. हाताला किंचित दबणारे घेतले तर संध्याकाळी खाता येतात.

मधला भाग का सोडायचा

डहाणूच्या खाडीपासून सातपाटीपर्यंतचा किनारा नकाशावर मोकळा दिसतो, प्रत्यक्षात नाही. खाडीच्या काठावर औष्णिक वीज केंद्र आहे. खाडीपलीकडे वाढवणजवळ किनारा कातळाचा आहे, ओहोटीत खडक उघडे पडतात आणि त्यांवरचं शेवाळ फार घसरडं असतं. या भागातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झालं. तिथल्या मच्छीमारांचा या बंदराला विरोध वर्षानुवर्षांचा आहे. काम जसं पुढे जाईल तसे रस्ते आणि किनाऱ्याची वाट बदलत जाणार. पुढे तारापूरचा अणुवीज प्रकल्प, १९६९ पासूनचा. त्याच्या हद्दीजवळ किनाऱ्याने जाता येत नाही, फोटोसाठी ड्रोन उडवायचा विचारही करू नका. त्यानंतर मुरबे आणि सातपाटीमधली खाडी.

चिंचणीचा समुद्रकिनारा सुंदर आहे. वाणगाव किंवा बोईसर स्टेशनवरून रिक्षा-एसटीने जाऊन एक संध्याकाळ तिथे घालवावी. पण त्याला लांब चालण्याच्या बेतात गुंफायचा प्रयत्न करू नका. तिसऱ्या दिवशी सकाळी डहाणू रोडहून लोकल पकडा आणि पालघरला उतरा.

तिसरा दिवस: सातपाटी-शिरगाव ते केळवे, तेरा-चौदा किलोमीटर

ओहोटी आज सव्वादहा-साडेदहाची, त्यामुळे घाई नाही. पालघर स्टेशनबाहेरून सातपाटीची एसटी किंवा शेअर रिक्षा मिळते. सातपाटी म्हणजे पापलेटचं बंदर. याच माशाला महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये राज्यमासा ठरवलं. बंदरात जाऊन होड्या, बर्फ, जाळी विणणारे हात बघावेत, लोकांच्या कामाच्या आड न येता. समुद्राच्या माऱ्यामुळे गावाला धूपप्रतिबंधक बंधारा आहे, तिथे चालायला वाळू नाही. म्हणून प्रत्यक्ष चालणं शिरगावपासून धरा.

शिरगावचा किल्ला गावातच आहे, अर्ध्या तासात होतो. इथे सरळ वाढण्याऐवजी फांद्या फुटलेलं ताडाचं झाड आहे, ते पाहा. मग दक्षिणेला वडराई, माहीम, केळवे. माहीमजवळ पाणेरी नदी समुद्राला मिळते. तिच्यात औद्योगिक सांडपाणी येतं, त्यामुळे ती ओहोटीतही पायी ओलांडू नका, रस्त्याने वळसा घ्या. माहीमला किल्ला आहे, आणि रस्त्याने गेलात तर पानमळे दिसतील. नारळी-पोफळीच्या सावलीत चढवलेल्या पानवेली ही केळवे-माहीमची जुनी शेती.

माहीम ते केळवे पुन्हा वाळू. केळव्याचा किनारा लांब आहे आणि सुरूचं बन दाट. शीतलादेवीचं देऊळ समुद्राजवळच आहे, बाजूला तलाव. इथे किल्लाही आहे आणि थोडा पुढे पाणकोट, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला. पाणकोटाकडे ओहोटीतच जाता येतं, पण तुम्ही पोचाल तोवर दुपारचे दोन वाजून गेले असतील आणि भरती चढत असेल. या खेपेला तो लांबूनच पाहा.

सामान आणि सावधगिरी

पिशवी पाच-सहा किलोच्या वर नको. बुटांपेक्षा टाचेला पट्टा असलेल्या सपाता बऱ्या, कारण बुटात वाळू गेली की मोज्यासकट पाय सोलतो. अंगठ्याला आणि टाचेला निघायच्या आधीच चिकटपट्टी लावा, फोड आल्यावर नव्हे. माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, कानावर येणारी टोपी, लांब बाह्यांचा सुती शर्ट, एक काठी. रोख पैसे सुट्ट्यांसह ठेवा. मोबाइलवर नकाशा आधीच उतरवून घ्या. ओळखपत्र जवळ असू द्या. किनाऱ्यावरच्या गावांत अनोळखी माणसांची चौकशी होते आणि ती रास्त आहे.

स्वच्छतागृहं किनाऱ्यावर जवळजवळ नाहीत. स्टेशन, मुक्कामाचं घर आणि वाटेतलं एखादं हॉटेल, एवढंच धरा. महिलांचा गट असेल तर बोर्डी-डहाणू टप्प्यात चिखल्याला एखाद्या घरगुती हॉटेलात चहा सांगून ही सोय आधीच ठरवून ठेवावी. पाणी कमी प्यायचा उपाय कोणी करू नये, उन्हात तो अंगाशी येतो.

लांबवर चालून आल्यावर समुद्रात डुंबावंसं वाटतं. ओहोटी चालू असताना कमरेपलीकडे जाऊ नका, पाणी आत ओढतं. जेलीफिश वाळूवर मेलेली दिसली तरी हात लावू नका. अंधार पडल्यावर किनाऱ्याने चालू नका. संकटात ११२, आणि समुद्रात कोणी अडकलं असेल तर तटरक्षक दलाचा १५५४. हे दोन्ही क्रमांक गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये हवेत. रोज निघताना घरी कोणाला तरी एवढं कळवा: आज कुठून कुठे, आणि किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची.

केळव्याहून केळवे रोड स्टेशन सात-आठ किलोमीटर आहे आणि संध्याकाळी शेअर रिक्षा भरल्याशिवाय सुटत नाहीत. रविवार असेल तर परतणाऱ्यांची झुंबड उडते. चारच्या सुमारास समुद्र सोडा, वाटेत सुका जवळा आणि केळव्याची पानं घ्या, आणि निघायच्या आधी डहाणूहून येणाऱ्या लोकलची वेळ फोनवर बघून मगच रिक्षात बसा. दोन लोकलमधलं अंतर तासाच्या आसपास असतं आणि केळवे रोडच्या फलाटावर सावली कमी आहे.